नैराश्याची गोळी: कोणता त्रास चालेल आणि कोणता नाही, हे आधी बोलून घ्या

नैराश्यासाठी औषध सुरू करायची वेळ आली की घरात पहिला प्रश्न निघतो, "सगळ्यात चांगली गोळी कोणती?" २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या प्रश्नावर एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. नैराश्यावरच्या २१ औषधांच्या ५२२ चाचण्या आणि १ लाख १६ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती त्यात एकत्र तपासली होती. सगळीच्या सगळी २१ औषधं, नुसत्या दिसायला सारख्या पण आत औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली. औषधाऔषधांत गुणाचा फरक होता, पण तो फार मोठा नव्हता.

खरा मोठा फरक दिसतो तो दुष्परिणामांत. एका गोळीने झोप येते, दुसरीने उडते. एकीने भूक वाढते, दुसरीने मळमळतं. एकीने कामेच्छा जाते, दुसरीने तिला धक्काही लागत नाही. त्यामुळे निवड करताना डॉक्टरांना एक गोष्ट पेशंटकडूनच कळावी लागते: मला कोणता त्रास चालेल आणि कोणता अजिबात चालणार नाही. रात्रपाळीच्या ड्रायव्हरला गुंगी परवडत नाही. आधीच साखर आणि वजन दोन्ही वाढलेल्या माणसाला भूक वाढवणारी गोळी नको असते. नुकतंच लग्न झालेल्याला आणखी तिसरीच काळजी असते.

आपल्याकडे नेमकं हेच बोलणं होत नाही, आणि त्याची किंमत पेशंट मोजतो. ओपीडीत बाहेर रांग असते, सोबत नातेवाईक असतात, पेशंट खाली मान घालून बसलेला असतो. चिठ्ठी मिळते, गोळी सुरू होते, दहा दिवसांत काहीतरी त्रास होतो, आणि माणूस कुणाला न सांगता गोळी बंद करतो. पुढे वर्षभर तो म्हणत राहतो, "मला औषधं लागू पडत नाहीत." औषध लागू पडतं की नाही हे कळण्याइतके दिवस ते पोटात गेलेलंच नसतं.

गोळी ठरण्याआधी

दोन-तीन गोष्टी आधी तपासून घ्यायच्या असतात. थायरॉइडचं काम मंदावलं, हिमोग्लोबिन फार उतरलं किंवा बी-१२ कमी पडलं तरी माणूस थकलेला, उदास, कशातच मन न लागणारा होतो. या रक्ताच्या तपासण्या साध्या आहेत. डॉक्टरांनी स्वतःहून सांगितल्या नाहीत तर आपण विचारावं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आयुष्यात कधी असा काळ येऊन गेलाय का, जेव्हा चार-सहा दिवस किंवा आठवडे झोप फारशी न लागताही प्रचंड उत्साह होता, डोक्यात विचार धावत होते, पैसे उधळले गेले, घरचे म्हणत होते की "याचं काहीतरी वेगळंच चाललंय"? असं झालं असेल तर आजार बायपोलर, म्हणजे कधी नैराश्य तर कधी असा अती उत्साह अशा दोन टोकांचा, असू शकतो. अशा माणसाला नुसती नैराश्याची गोळी दिली तर तो एकदम दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. पेशंटला तो काळ आजाराचा वाटत नाही, उलट आयुष्यातला चांगला काळ वाटतो, म्हणून तो सांगत नाही. इथे बायको, आई, भाऊ यांनी तोंड उघडलं पाहिजे. घरात रक्ताच्या नात्यात कुणाला बायपोलर असेल तर तेही सांगायचं.

आणि गोळी लागणारच आहे का, हाही प्रश्न विचारायला हरकत नाही. नैराश्य सौम्य असेल तर समुपदेशन, नियमित व्यायाम, दिवसाची घडी बसवणं इथून सुरुवात करता येते. या बाबतीत गोव्यात झालेलं काम मला फार मोलाचं वाटतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गोव्यातल्या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीतल्या ४५० रुग्णांवर फ्लुऑक्सेटीन, औषध नसलेली गोळी आणि समुपदेशन यांची तुलना झाली. दोन महिन्यांनी फ्लुऑक्सेटीन औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरलं, समुपदेशन ठरलं नाही. पण २०१७ साली त्याच गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतली दुसरी चाचणी आली. तिथे प्रशिक्षण दिलेल्या साध्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी नीट आखलेल्या सहा ते आठ भेटी घेतल्या. भर होता तो माणसाला पुन्हा एकेका कामाकडे वळवण्यावर. हे समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचं नैराश्य तीन महिन्यांत ओसरलं, नेहमीच्या उपचारांत ३९ टक्के. हे रुग्ण सौम्य आजाराचेही नव्हते. म्हणून गोळी की बोलणं, असा वाद घालण्यात अर्थ नाही. कसलं बोलणं, किती नेटाने, हे पाहायचं. आजार तीव्र असेल तर दोन्ही एकत्र घ्यावं.

पहिले पंधरा दिवस

सुरुवात बहुतेक वेळा एसएसआरआय या, मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाचा परिणाम वाढवणाऱ्या गटातल्या औषधाने होते: एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालीन, फ्लुऑक्सेटीन, पॅरोक्सेटीन. पूर्वीच्या अमिट्रिप्टिलीन, इमिप्रमीन यांसारख्या गोळ्या आजही वापरात आहेत आणि गुणकारीही आहेत. पण त्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, प्रोस्टेटवाल्यांची लघवी अडते, आणि जास्त प्रमाणात घेतल्या गेल्या तर त्या हृदयाला घातक ठरतात. ज्याच्या मनात जीव द्यायचे विचार आहेत, त्याच्या घरात अशा गोळ्यांचा महिन्याभराचा साठा नको.

एसएसआरआयचं एक वैशिष्ट्य आधी माहीत असेल तर निम्मे लोक टिकून राहतील असं मला वाटतं. त्रास आधी येतो आणि गुण नंतर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मळमळ, पोट ढिलं होणं, डोकं दुखणं, हात किंचित थरथरणं, घाम, झोपेची गडबड सुरू होऊ शकते. मनाला मात्र अजून काहीच फरक नसतो. बहुतेकांचा हा त्रास आठवड्या-दोन आठवड्यांत निवतो. मनावरचं ओझं हलायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण गुण दिसायला सहा ते आठ. म्हणून गोळी जेवणानंतर घेणं, कमी डोसने सुरुवात करून हळूहळू वाढवणं, झोप उडत असेल तर सकाळी घेणं, या साध्या गोष्टींचा मोठा उपयोग होतो. जसं एस्सिटालोप्रॅम अनेकदा ५ मिलिग्रॅमने सुरू करून आठवड्याभराने १० केलं जातं. हे बदल डॉक्टरांना विचारूनच करायचे, पण विचारायचे.

या काळात एका गोष्टीवर घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं, विशेषतः पेशंट पंचविशीच्या आतला असेल तर. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००४ मध्ये मुलं आणि किशोरवयीनांसाठी, आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला, कारण सुरुवातीच्या काळात काहींमध्ये आत्महत्येचे विचार वाढलेले दिसले. इशाऱ्याचा अर्थ तरुणांना औषध देऊच नये असा नाही. एका जागी बसवत नाही, सारखी तगमग, एकदम चिडचिड, झोप पार गेली, मरणाच्या गोष्टी, असं काही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. रात्री-अपरात्री कुणी मिळत नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

जे कुणी बोलत नाही

एसएसआरआय आणि व्हेनलाफॅक्सीनसारख्या औषधांचा सगळ्यात रेंगाळणारा त्रास लैंगिक असतो. इच्छा कमी होणं, उत्तेजना न येणं, परमोच्च क्षण फार उशिरा येणं किंवा येतच नाही. पुरुषांना होतो तसा बायकांनाही होतो. मळमळीसारखा तो आपोआप निवेल याचा भरवसा नसतो. "काही त्रास?" एवढंच विचारलं तर फार थोडे लोक सांगतात. थेट विचारलं तर हे प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं, हे अभ्यासांत वारंवार दिसलंय. (स्खलन लांबवणारा हाच परिणाम शीघ्रपतनावर उपचार म्हणून वापरला जातो, इतका तो ठाशीव आहे.)

नैराश्यानेसुद्धा इच्छा मरते, त्यामुळे औषध सुरू करण्याआधी परिस्थिती काय होती हे स्वतःशी नीट आठवून ठेवावं. नाहीतर पुढे कशामुळे काय झालं ते कळत नाही. आणि उपाय आहेत. डोस थोडा कमी करून बघता येतो. ज्या औषधांनी हा त्रास कमी होतो अशांवर जाता येतं: बुप्रोपियॉन, मिर्टाझापीन, व्होर्टिऑक्सेटीन, अगोमेलाटीन. चालू गोळीला बुप्रोपियॉनची जोड देता येते. पुरुषांना सिल्डेनाफिलचा उपयोग होतो, मात्र हृदयासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर ते अजिबात चालत नाही. काही थोड्या लोकांत औषध थांबवल्यावरही हा त्रास टिकून राहिल्याची नोंद आहे. युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०१९ मध्ये ती माहितीपत्रकात घालायला सांगितली. ही शक्यता पेशंटला आधी सांगितली गेली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

सासू किंवा मोठा भाऊ शेजारी बसलेला असताना कुठली सून हे डॉक्टरांना सांगेल? म्हणून आत गेल्यावर सरळ म्हणावं, "डॉक्टर, मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय." मानसोपचाराच्या ओपीडीत ही मागणी रोजचीच असते, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. बोलवत नसेल तर कागदावर लिहून द्यावं.

वजनाची गोष्ट सोपी आहे. मिर्टाझापीन, पॅरोक्सेटीन आणि जुन्या गटातली अमिट्रिप्टिलीन यांनी वजन वाढण्याची शक्यता जास्त, बुप्रोपियॉनने सगळ्यात कमी. पण झोप उडालेल्या, जेवण सुटलेल्या, वाळत चाललेल्या आजोबांसाठी मिर्टाझापीनचा तोच 'दुष्परिणाम' वरदान ठरतो. रात्री एक गोळी, झोपही लागते आणि भूकही. डुलॉक्सेटीनचं तसंच आहे, मधुमेहामुळे पायांची आग होणाऱ्याला नैराश्य आणि वेदना दोन्हींवर त्याचा उपयोग होतो. उलट बुप्रोपियॉन कितीही सोयीचं वाटलं तरी ज्याला फिट येतात, किंवा खाण्याचे विकार आहेत, त्याला ते देत नाहीत. व्हेनलाफॅक्सीनने रक्तदाब चढू शकतो, तो मोजत राहावा लागतो.

डब्यात आधीच असलेल्या गोळ्या

घरातला गोळ्यांचा डबा उघडा. समजा सासष्ट वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका असलेल्या आजींना बीपीची गोळी चालू आहे. पाकिटावर नावापुढे 'एच' किंवा 'सीटी' असं काही छापलंय का बघा. बहुतेक वेळा त्याचा अर्थ गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन हे लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं आहे. खात्रीसाठी खालची बारीक अक्षरं वाचा. या औषधांनी रक्तातलं सोडियम उतरतं. एसएसआरआयनेही उतरू शकतं, आणि वय जेवढं जास्त तेवढा धोका जास्त. दोन्ही एकत्र आली की काही आठवड्यांत आजी गोंधळल्यासारखं बोलायला लागतात, चालताना तोल जातो, मळमळतं, एखाद्या दिवशी बाथरूममध्ये पडतात. घरचे म्हणतात, "मनाच्या गोळ्यांनी डोकं बिघडवलं." खरं कारण रक्ताच्या एका साध्या तपासणीत सापडलं असतं. वयस्कर माणसाला अशी गोळी सुरू करताना आधी एकदा आणि मग दोन-चार आठवड्यांनी सोडियम तपासून घ्या, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. हृदयाचा आजार असेल तर एस्सिटालोप्रॅमच्या आधी ईसीजीही काढून घेणं बरं, कारण ठोक्यांच्या लयीवर त्याचा थोडा परिणाम होतो.

गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन, आणि हृदयासाठीची अॅस्पिरिन, यांच्या जोडीला एसएसआरआय आलं की पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. काळी, डांबरासारखी शौच झाली तर लगेच दवाखाना. ट्रॅमाडॉल असलेली दुखण्यावरची गोळी, डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं सिरप, आणि औषधांना न जुमानणाऱ्या टीबीसाठी दिलं जाणारं लिनेझोलिड यांच्याबरोबर सेरोटोनिन धोकादायक पातळीवर जाऊ शकतं: ताप, थरथर, स्नायू आखडणं, भ्रम. मुंबईसारख्या शहरात अशा टीबीचे रुग्ण बरेच आहेत आणि त्यांच्यात नैराश्यही खूप असतं, त्यामुळे टीबीचे आणि मनाचे डॉक्टर या दोघांना एकमेकांची चिठ्ठी दिसलीच पाहिजे. स्तनाच्या कर्करोगानंतर टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईला पॅरोक्सेटीन आणि फ्लुऑक्सेटीन टाळतात, कारण यकृतात टॅमॉक्सिफेनचं कामाच्या रूपात होणारं रूपांतर ती अडवतात. आयुर्वेदिक काढे, चूर्णं, जिमची पावडर, दारू, तंबाखू हेही सगळं सांगायचं.

गरोदरपणात किंवा बाळ अंगावर पीत असताना स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. अशा वेळी बहुधा सर्ट्रालीनला पसंती देतात आणि पॅरोक्सेटीन शक्यतो टाळतात. पण जी गोळी चालू आहे आणि जिने बरं वाटतंय ती बदलायची का, हा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ मिळून घेतात.

सवय लागण्याची भीती तर प्रत्येक घरात असते, आणि तिच्यामागे एक खरं कारण आहे. आपल्या बाजारात एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिसळून सर्रास मिळतात. पहिल्या रात्रीपासून छान झोप लागते ती क्लोनाझेपाममुळे, आणि सवय लागते तीही त्याचीच. तगमग फार असेल तर पहिले दोन-चार आठवडे त्याचा उपयोग आहे, पण जोडगोळीत अडचण अशी की पुढे एक औषध चालू ठेवून दुसरं कमी करता येत नाही. पाकिटावर दोन नावं दिसली तर डॉक्टरांना विचारा: "हे वेगवेगळ्या गोळ्यांत देता येईल का, आणि झोपेची कधी थांबवायची?" जुनीच चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं तीच गोळी आणत राहणं मात्र थांबवा. म्हातारपणी स्मरणशक्ती आणि तोल या दोन्हींवर तिचा परिणाम होतो.

बदलायची कधी, थांबवायची कशी

पहिलीच गोळी सगळ्यांना लागू पडत नाही. अमेरिकेत सुमारे चार हजार रुग्णांवर झालेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या औषधाने साधारण तीस टक्के लोकांचंच नैराश्य पूर्ण ओसरलं. बाकीच्यांपैकी अनेकांना दुसरं औषध घ्यावं लागलं किंवा जोड द्यावी लागली. म्हणून पहिली गोळी फसली तर "आपण असाध्य आहोत" असं मनाला लावून घेऊ नका. पुरेशा डोसवर चार आठवडे झाले आणि काडीचाही फरक नाही, तर बदलाबद्दल बोलायची वेळ झाली. थोडा फरक आहे, तर डोस वाढवून आणखी काही आठवडे थांबण्यात शहाणपण. वाईट वाटणं गेलं तसं चांगलं वाटणंही गेलं, मुलाच्या निकालाचा आनंद होत नाही, मयतीला रडू येत नाही, असं सपाट वाटत असेल तर तोही दुष्परिणाम असू शकतो आणि तोही सांगण्यासारखा आहे.

बरं वाटायला लागल्यावर निदान सहा महिने गोळी चालू ठेवायची, आजार पूर्वी परत आला असेल तर त्याहून जास्त. लोक घसरतात ते इथेच. "आता ठणठणीत आहे" म्हणून एका दिवसात बंद. मग चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होणं, चित्रविचित्र स्वप्नं, रडू, चिडचिड. पॅरोक्सेटीन आणि व्हेनलाफॅक्सीन सोडताना हे जास्त होतं. फ्लुऑक्सेटीनमध्ये कमी, कारण ते शरीरातून कित्येक आठवडे सावकाश उतरत असतं. हा त्रास गोळी सोडल्यावर काही दिवसांतच सुरू होतो आणि गोळी परत घेतली की लवकर थांबतो. आजार परत येतो तो सहसा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, हळूहळू. दोन्हींतला फरक ओळखता आला नाही तर माणूस विनाकारण आयुष्यभर गोळीला बांधला जातो, किंवा खरा आजार अंगावर काढतो.

थांबवण्याबद्दल एक आकडा जवळ असू द्यावा. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्या आणि आता बरं वाटतंय म्हणून थांबवायचा विचार करणाऱ्यांची चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरात गोळी हळूहळू थांबवलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचं नैराश्य परतलं, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचं. म्हणजे चालू ठेवण्याचा फायदा खरा आहे, आणि थांबवूनही बऱ्याच जणांचं चांगलं चालतं हेही खरं आहे. कुणी थांबवायचं, हे मागे आजार कितीदा आला, किती तीव्र होता आणि सध्याचा त्रास किती सोसवतो यावर ठरतं. ठरलं की डोस काही आठवड्यांत, गरज पडली तर काही महिन्यांत, टप्प्याटप्प्याने उतरवायचा, आणि शेवटचे टप्पे सगळ्यात लहान ठेवायचे. परीक्षा, घरातलं लग्न, नोकरी बदलण्याचा महिना, हे टाळून सुरुवात करावी, आणि घरातल्या निदान एकाला तारखा माहीत असाव्यात.